डिकीतली बाटली

गाडी दोन हजार आठची. मस्कतला आल्यावर
सहाव्या वर्षी घेतली, एका सुदानी डॉक्टरकडून.
तीन लाख बारा हजार किलोमीटर,
मागचा उजवा दरवाजा फक्त आतून उघडतो.
फोर-व्हील मात्र लागतं. शप्पथ.

ऑक्टोबरातला शुक्रवार होता,
रूवीचे रस्ते नमाजाआधीचे, धुऊन वाळत घातल्यासारखे.
मागे बिपिन देवरे, मांडीवर शेवेचा डबा,
पुढे वैजयंती, हातात नकाशा.
रस्ता तिला पाठ आहे; हात रिकामे सोसत नाहीत.
आणि डिकीत, आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेली
दिंडोरीची बाटली.

दुकानात सहज उलटी करून पाहिली होती.
लेबलच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आमचा तालुका.
नानाकाकांनी खायची द्राक्षं उपटून शिराझ लावली
तेव्हा अख्खा पार हसला होता:
हे आंबट कोण विकत घेणार, नाना?
मी घेतली. सात रियाल.
परवान्याच्या कार्डावर मिळते,
दुकानातून थेट घरीच न्यायची असते.
बिपिनचं म्हणणं, आज आपलं घर डोंगरावर आहे.

बिरकत अल मौजच्या नाक्यावर पोलीस वाकला.
टायर पाहिले. बॉनेटवर थाप मारली,
बैल घेताना मारतात तशी.
मागे काय?
टॉवेल, मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.
वर थंडी आहे, असं म्हणून त्यानं सोडलं.

मग चढ. काट्यावर छत्तीस,
दोन वळणांनी एकतीस, मग सव्वीस,
एसी बंद, काचा खाली,
आणि वैजयंतीनं ओढणी कानांवरून घेतली
तेव्हा कळलं, आपण कुठेतरी आलोय.

पायऱ्यापायऱ्यांची शेतं. डाळिंबं तडकलेली.
एका अंगणात मांडव,
मांडवावर वेल, काड्या काड्यांत अडकलेल्या,
चार वर्षं कात्री न लागलेली.
माझे हात शिवशिवायला लागले.
आत्ता तिकडे गोडी छाटणीचे दिवस,
पहाटे कात्र्यांचा आवाज बांधाबांधावर.

म्हातारबा बाहेर आले, नासिर बिन हमूद.
खजूर पुढे केले, कॉफी ओतली.
माझी अरबी साइटवरची. सळई, सिमेंट, उद्या, पैसे.
तेवढ्यावर द्राक्षबाग कशी सांगायची?
तरी वेलीकडे बोट केलं, कात्रीसारखी बोटं चालवली:
काडीला तीन डोळे ठेवा, बाकी कापा.
तीन ऐन. तलाता.

ते बराच वेळ बघत राहिले.
मग मला हाताला धरून नेलं
मांडवामागे, खडकातून पाट येतो तिथे.
पाण्यात बोट बुडवून म्हणाले,
तीन कुठले, बाळा,
आमच्या गावाला एकच आहे.
यंदा पुरलं.

ऐन म्हणजे डोळा. ऐन म्हणजे झराही.
हे मला बिपिननं परत येताना सांगितलं,
तोवर मी हो हो करून पाणी प्यायलो होतो.
वेल तशीच राहिली. आईनं लावलेली, म्हणाले,
कापायचं नाव नको.

कड्याच्या टोकाशी गाडी लावून डिकी उघडली,
आणि आधी वास आला.
मंगळवारपासून तिथेच होती ना,
सासूबाईंच्या नजरेआड, पार्किंगच्या उन्हात.
बूच अर्धं वर आलेलं, टॉवेल लालेलाल.
बिपिननं एक घोट घेतला आणि
शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा हात झटकला.
वैजयंतीनं कांदा कापला,
त्यावर नानाकाकांची द्राक्षं शिंपडली, वर शेव.
बरं लागलं. खरंच बरं लागलं.
खाली दरीत दिवे लागत होते, एकेक, घाई नसल्यासारखे.

उतरताना पहिला गिअर. तरी ब्रेक तापले,
मध्ये दोनदा थांबलो, चाकांजवळ कोणी बोललं नाही.

टॉवेल तीनदा धुतला. डाग जात नाही.
आता त्यानंच काच पुसतो,
रोज सकाळी, साइटवर निघताना.