मालवला म्हणायचं

दार मी लावते, मग मढवीकाका
खालच्या फटीत काळं फडकं कोंबतात.
गरज नसते खरी. पेटीला तिचा स्वतःचा अंधार आहे,
कारखान्यातून पारखून आलेला.
पण काकांचं म्हणणं, अंधाराला राखण लागते.

खारघरला, डोंगराच्या पायथ्याशी, तळघरात
चाळीस उंदीर. हा सतरावा:
डाव्या कानाला दोन भोकं, उजव्याला एक.
त्याच्या पोटात मी माझ्या हाताने पेरलेली गाठ
आणि गाठीच्या पेशीपेशीत काजव्याचं एक वाक्य,
जसंच्या तसं उतरवून घेतलेलं.
काजवा नाही. पंख नाहीत, जोडीदारासाठी लुकलुक नाही,
ज्याने तो उजळतो तेवढंच वाक्य.

वाक्याला तेल लागतं.
ते उणे ऐंशीला, चंदेरी कागदात गुंडाळलेलं,
सोन्यासारखं मिलिग्रॅमवर मोजायचं,
पोटात टोचायचं
आणि दहा मिनिटं थांबायचं.

या दहा मिनिटांत काका बोलतात.
बेलपाड्याचे ते. आता जिथे बावीस मजले आहेत
तिथे म्हणे एक झाड होतं,
"आख्खा झाड पेटाचा गो,
पन एक पान जलाचा नाय."
मी घड्याळ बघते. सात मिनिटं.
मला ते झाड कधी दिसलं नाही,
त्यातला एक शब्द तेवढा माझ्या नळीत आहे.

मग कॅमेरा डोळा उघडतो.
त्यालाही उणे नव्वदला गोठवून ठेवलाय,
स्वतःच्या उबेने भास होऊ नयेत म्हणून.
पाच मिनिटं तो टक लावून बघतो
जिथे मला काहीच दिसलं नसतं.
पडद्यावर निळं, हिरवं, मधोमध लाल.
रंग खोटे, आम्ही भरलेले. आकडा खरा.
एकदा आईला फोटो पाठवला.
"किती गोड, रांगोळीच जणू," ती म्हणाली.
लाल म्हणजे काय ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सतराव्याचा आकडा
दहापट झाला. डोळ्यांपुढे काजवे चमकणं
म्हणजे काय, ते मला
तेव्हा शब्दशः कळलं.

त्यानंतर औषध. रोज सकाळी, चार आठवडे.
निळा आकसला, लाल पिवळ्यावर आला.
मंगळवारी पडद्यावर फक्त उंदीर होता,
राखाडी, झोपलेला,
आणि कोपऱ्यात एक पांढरा ठिपका:
कुठल्या तरी ताऱ्याकडून निघालेला कण
तीन मजले ओलांडून थेट कॅमेऱ्यात घुसलेला.
त्याचा आमच्याशी संबंध नाही.

"दिवा लागला का?"
"विझला, काका."
"इझला नाय बोलाचा," ते रागावलेच,
"मालवला बोलाचा. सांजच्याला तरी."

मी हसले नाही. शेऱ्याच्या रकान्यात
पेन टेकवून बसले.
कारण अंधार इथे एकाच गोष्टीमुळे होत नाही.
औषध लागू पडलं असेल.
सुई आतड्यात गेली असेल, तेल पोचलंच नसेल,
आणि गाठ तिथेच, गुपचूप,
आपलं वाक्य ओठांवर धरून.
पेशी मेली तरी अंधार,
उपाशी राहिली तरी तोच अंधार.
माझा हात त्या दिवशी थोडा कापला होता
हे नोंदवहीत कुठे लिहायचं?

लिहिलं: गुरुवारी पुन्हा.

काकांनी फडकं काढलं, घडी घातली,
बटणाशी हात नेला.
"लावू?"
"थांबा जरा."
पेटीत गुंगीचा वायू बंद झाला होता.
सतराव्याच्या मिशा आता हलू लागल्या असणार.
दिसत नव्हत्या.
आम्ही दोघं कान देऊन उभे.