तारखेखालची बारीक अक्षरं

विट्यात, बसस्टँडच्या मागं, मुजावरांच्या छापखान्यात
मी पतसंस्थांची कॅलेंडरं लावतो.
वर लक्ष्मी, खाली ठेवींचे दर,
मध्ये तीनशे पासष्ट चौकोन.
प्रत्येक चौकोनात तारखेखाली
करंगळीच्या नखाएवढी जागा उरते.
तिथं संकष्टी. तिथं बाजार. तिथं कुणाची जत्रा.
आमच्याकडं बेंदूरही दोन छापावे लागतात,
एक कर्नाटकी, एक आपला;
बैलाला विचारलं तर तो दोन्ही दिवशी
शिंगं रंगवून घेईल.

ऑक्टोबरात तांबडमाळचे चेअरमन आले, बजरंग हसबे.
म्हणाले, आषाढातल्या शेवटच्या मंगळवारी
आमचं 'गाव बाहेर' टाका.
म्हटलं, म्हणजे नेमकं काय?
सगळं गाव दिवसभर माळावर. तिथंच चुली, तिथंच पंगत.
आणि का?
का म्हंजे? पहिल्यापासनं हाय.

पहिल्यापासनं हे कुठलं साल
ते कुठल्याच पंचांगात सापडत नाही.
रविवारी मोटरसायकल काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, देवीचा दृष्टान्त.
तालमीतली पोरं म्हणाली, मोगलांची धाड.
कोइमतूरहून आलेला गलाईवाला म्हणाला,
कशाचं का असंना, मे महिन्यात घ्या,
पोरांची शाळा बुडते, रिझर्व्हेशन मिळत नाही.

पिराच्या लिंबाखाली हौसाक्का शिरतोडे
शेंगा फोडत बसल्या होत्या.
"गाठीचा रोग," त्या म्हणाल्या.
"आढ्यावरनं उंदीर पडाय लागलं, तवा गाव उठलं.
माळावर पाल्याच्या खोपी घातल्या.
माझी आजेसासू तवा परकरात हुती.
एक बाई न्यायची राहिली."
दोन शेंगा फुटल्या.
"राहिली न्हवं. ठिवली. काखंत गाठ हुती तिच्या.
तिचा दाल्ला रोज उंबऱ्यावर भाकरी ठिवायचा,
हाक मारायचा, आन् मागं न बघता माळावर यायचा.
दुसऱ्या दिवशी भाकरी नसली म्हंजी बाई हाय.
असं सहा दिस.
सातव्या दिवशी भाकरी तिथंच. मंगळवार हुता."

मी बाईचं नाव विचारलं.
"नाव कोण घील?
काय म्हाईत, सहाही दिस कुत्र्यानंच खाल्ली असंल.
पर ते कुणी बोलत न्हाई."
मग टरफलं ओच्यातून झटकत,
"त्या दिवशी दाराला कडी घालायची न्हाई.
उंबऱ्यावर भाकरी, वर कांदा.
आता कुलपं लावत्यात. टीव्ही हाय घरात."

परत येऊन चौकोनात जुळवलं:
गाव बाहेर, दार उघडं ठेवणे.
पाच पॉइंटात कसंबसं बसलं.
चेअरमननी प्रुफावर लाल पेनानं काट मारली
आणि वर लिहिलं, वनभोजन महोत्सव.
पैसे त्यांचे, चौकोन त्यांचा.
मी छापलं.
फक्त 'महोत्सव'च्या पुढं एक पूर्णविराम राहू दिला.
कॅलेंडरात पूर्णविराम नसतो.
एकादशीपुढं नसतो, अमावास्येपुढंही नसतो.
तीन हजार प्रती गेल्या,
शकीलभाईंनासुद्धा दिसला नाही.

आषाढ आला.
तांबडमाळला डीजे लावला होता म्हणे,
जेवणात जिलेबी.
मला सुट्टी नव्हती.
सकाळी फ्लॅटचं दार नुसतं लोटलं
आणि छापखान्यात गेलो.
दिवसभर लग्नपत्रिका होत्या.

संध्याकाळी जिन्यात समोरच्या पिसेवहिनी भेटल्या.
"लॅच बिघडलाय का हो तुमचा?
आणि दारात भाकरी कुणाची पडली होती?
मुंग्या लागतील म्हणून
मी घंटागाडीत टाकली."