मधून काठाकडे

रोल आला तो लिफ्टमध्ये मावेना.
कुरियरवाल्याने विचारलं, गालिचा का?
म्हटलं, गाडीचा शर्ट.
तो हसला नाही. त्याला अजून तीन बिल्डिंगी होत्या.

गाडी बारा वर्षांची. टपावरचा थर
उन्हाने सोललेला, भाजल्या पाठीसारखा.
पेंटरने सांगितलेला आकडा मी घरी सांगितला नाही.
फिल्म मात्र सगळ्यांना दाखवली : मॅट, गडद हिरवी,
दुकानदाराच्या भाषेत मिलिटरी,
बायकोच्या भाषेत शेवाळ.

रविवार. घणसोली, खांबांमधलं पार्किंग.
वॉचमनच्या केबिनमधून ओढलेली वायर,
तिला बायकोचा हेअर ड्रायर,
स्पिरिट, जुनी बनियन, कटरची चार पाती
आणि एक निळी पट्टी, कडेला मऊ कापड लावलेली,
जिचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही.

आधी धुतली. पुसली. परत पुसली.
समोर टॉवर चढतोय, त्याची धूळ
रविवारची सुट्टी घेत नाही.
धुताना सापडला मागच्या दारावर
चावीने गिरवलेला 'ज्ञ'.
ज्ञानदाला सगळ्यात आधी आलेलं अक्षर,
वर्णमालेतलं सगळ्यात शेवटचं.
तेव्हा मी तिला केवढा ओरडलो होतो.

बॉनेट.
मागचा कागद सोलला आणि फिल्म
स्वतःलाच मिठी मारून बसली.
दीड मीटर गेलं. मी बादली उलटी करून बसलो.

दुसऱ्यांदा ज्ञानदा आली, सतरा वर्षांची, कानात बोंडं.
चादरीची घडी घालताना उभं राहतात तसे
समोरासमोर.
ओढ. ओढतेय. एवढं नाही. मग किती?
किती ते मलाही माहीत नव्हतं.

मी कडेकडून दाबत गेलो,
सगळी हवा मधे जमली,
बॉनेटला पोट आलं.

तळमजल्यावरच्या घरत मामी.
जमीन त्यांचीच, साडेबारा टक्क्यांत परत मिळाली तेवढी,
तिच्यावर बिल्डर, त्याच्यावर आम्ही.
खुर्ची टाकून तासभर बघत होत्या.
शेवटी उठल्या, पदर खोचला :
"कडंशी कला दाबतंस? मधशी घे.
भाकरी कवा थापली नाय का?"

नाही, मामी.

त्यांनी पट्टी घेतली नाही, तळहात ठेवला
कोमट फिल्मच्या मधोमध,
आणि नेला बाहेर, जरा वळवत, जरा थांबत,
तांदळाच्या पिठाला सोसेल तेवढ्याच जोराने.
हवा काठाशी आली
आणि कुणी दार दाखवावं तशी निघून गेली.

मग पाच तास. जेवण उभ्यानेच.
बंपरच्या कोपऱ्यात हरलो, तिथे चुणी आहे.
आरशांना फिल्म पुरली नाही,
ते पांढरेच राहिले, भिजलेल्या सशाचे कान.

मागचं दार आलं.
विचारलं, पुट्टी भरू का ह्याच्यात?
ज्ञानदाने खांदे उडवले, ड्रायर पुढे केला.
ताणली, तापवली, दाबली.
अक्षर बुजलं नाही.
हिरव्यात हिरवं, तिरक्या उजेडातच दिसतं,
बोट फिरवलं तर आधी कळतं.

संध्याकाळी मामींनी गाडीभोवती फेरी मारली.
चुणी दाबली, ती परत उठली, परत दाबली.
"ह्याच्या खाली ना," म्हणाल्या.
पांढरी होती, मी सांगायला लागलो, बारा सालची.
पण त्या चपलेच्या टोकाने
पार्किंगची फरशी दाखवत होत्या.
"राता व्हायचा आमचा. लाल तांदूल. खाऱ्या पान्यावर."

ज्ञानदा वायर गुंडाळत होती.
फरशीवर सांडलेलं स्पिरिट वाळत होतं.
मी खाली बघत राहिलो, चांगला वेळ :
कुठेच बुडबुडा नाही.
हे अंथरलं त्या दिवशी
कुठल्या काठाने गेली असेल हवा?