पागाला दोरी असते

घणसोलीत, खाडीच्या अंगाला,
सिडकोच्या पाटीमागे एक रिकामा प्लॉट आहे.
तिथे सकाळी साडेपाचला हर्षाली भाला फेकते
आणि मी तो आणून देतो.

पहिला भाला बांबूचा. मीच तासला.
मुठीला गुंडाळली जुन्या पागाची दोरी,
खाडीत मासा होता तेव्हाची. अजून खारट.

घरत सर म्हणाले, हे फार जुनं आहे, बाळारामदादा.
लांबच्या देशांत फौजेच्या पुढे धावायची अशी पोरं,
अंगावर चिलखत नाही, डाव्या हातात तीन भाले,
काठीला चामड्याची वादी, वादीत दोन बोटं.
भाला स्वतःभोवती फिरत सुटायचा.
फेकायचे, आणि पळत मागे यायचे.
राजांची नावं लिहिली गेली, कुठे कुठे हत्तींचीसुद्धा.
यांची नाही.

मी विचारलं, सर, मग भाले कोण वेचायचं?
सर हसले. पुस्तकात नव्हतं ते.

असणार कुणीतरी.
सगळं शांत झाल्यावर वाकून चालणारा,
कुठला मातीतून निघतो, कुठला कशातून,
तिकडे न बघता मोजणारा.
एखादीचा, एखाद्याचा बाप.

पाग टाकला तरी दोरी मनगटाला राहते.
रिकामा आला तरी परत येतो.
भाल्याचं तसं नाही.
सुटला की हात नुसता हात उरतो.
बघितलाय मी तिचा, फक्कीच्या रेषेअलीकडे
तोल सावरत थांबलेला, उघडा,
काहीतरी मागत असल्यासारखा.
त्या पोरांना रेषा नव्हती.
तेवढ्यात वळायचं होतं.

आज भाला कांदळवनात गेला.
चपला काढून उतरलो, पोटरीपर्यंत चिखल.
निवटीच्या बिळाशेजारी टोक रुतलेलं,
भोवती पाणी हळू वर येत होतं.
‘बाबा, कवरा गेला?’

तेव्हा मान वर केली.
भाला जिथे पडतो तिथून
तिला मी कधी नीट बघितलंच नव्हतं.
मागे सेक्टरातले टॉवर, पुढे ती,
बारीक, हलकी,
हातात काही नाही.

शनिवारी प्लॉटला पत्रे लागणार आहेत.
तिला अजून सांगितलेलं नाही.

दोन्ही हातांनी भाला उपटला,
टोक शर्टाला पुसलं.
इथून फेकला असता तर पोचला असता कदाचित.
चालत निघालो.