कात्री

स्लायगोत पाऊस विचारून येत नाही,
म्हणून माझ्या दुकानात शॉवर आहे.
जाकीट घाला, खाली उभे राहा, दहा मिनिटं.
कोरडे निघालात तर पैसे द्या.

डर्व्हला आली टायरच्या गॅरेजमधून, मागच्या दारानं.
रात्री रक्ताच्या पिशव्या पोचवते, पार गॉलवेपर्यंत,
फुकट.

मी नेहमीचं सुरू केलं:
शिवणींना आतून पट्टी हवी, चेनवर झाकण,
कोपराचं पॅड हात वाकवल्यावरही कोपरावरच हवं.
उभ्यानं सगळीच जाकिटं शहाणी असतात.
ती स्टुलावर बसली, वाकून, हँडल धरल्यासारखी.
पाठ उघडी पडली चार बोटं.
"हे नको."

तिसऱ्यात पाणी मनगटातून शिरलं.
"हातमोजा बाहीच्या आत घालायचा," मी म्हणालो.
"ते मला ठाऊक आहे, मॅलकी."

चौथं बसलं. काळं, भिजल्या मेंढीइतकं जड.
डांबरावर फरफटलं तरी फाटत नाही, म्हटलं,
चाकूलासुद्धा दाद देत नाही.

ती थांबली. चेन वर, खाली, वर.
"आणि कात्रीला?"

फिनबारचं जाकीट तिनं घरी आणलं होतं
तीन वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या पिशवीत घालून,
मनगटापासून गळ्यापर्यंत सरळ कापलेलं.
"किती वेळ लागला त्यांना,
ते मी विचारलंच नाही."

शॉवर ठिबकत होता. बंद केला.
ड्रॉवरमधली मोठी कात्री काढली
आणि दुकानातलं सगळ्यांत महाग जाकीट
टेबलावर पसरलं.