पाचव्या दिवसाचं पाणी

रात्री पावणेतीनला नळ खाकरला.
आधी हवा, मग गंज, मग पाणी.
अख्ख्या गल्लीत मोटारी लागल्या.
मी बादली घेऊन मोरीत बसलो.
"आधी प्यायचं, मग तुमचं," बालमणी म्हणाली.
बरोबर आहे. थांबलो.

मंगळवेढ्याची मालदांडी, तीन किलो,
सेकंडच्या टॉवेलात बांधून मोड आणले होते,
एक काठ चुकलेला टॉवेल, आमच्याच कारखान्यातला.
मोड गच्चीवर वाळवले, भरडले, शिजवले,
निवल्यावर यीस्ट टाकलं,
आणि झाकणातल्या सलाइनच्या नळीतून
आठ दिवस बुडबुडे येत राहिले,
सर्दी झालेलं पोर झोपेत घोरावं तसे.
नवव्या दिवशी वास.
आंबट असता तर चाललं असतं;
हा भिजून कोपऱ्यात राहिलेल्या सुताचा.
अठरा लिटर बीअर मोरीत ओतली.
मोरीनं एका घोटात संपवली. तिला कुठली चव.

चूक कुठली ते मला ठाऊक होतं.
मागच्या खेपेला ब्रश सापडेना,
तारेची घासणी घेतली नि खसाखसा घासली.
लखलखली बादली, आणि मी फसलो.
आता बॅटरी आत धरली तर दिसतात
केसाएवढे ओरखडे,
एकेकात एकेक वस्ती.

राजेशम मास्तर रंगखान्यात तीस वर्षं,
हात कोपरापर्यंत कधी लाल, कधी मोरपंखी.
म्हणायचा, "रंग गेला म्हंजे धुतलं व्हय बे?
पांढरी चिंधी फिरव आतनं.
चिंधी गप बसली, तर धुतलं."
लालची टाकी त्यानं एकदा सहा पाण्यांनी धुतली,
सातव्यात पिवळा कालवला,
तरी एका चादरीच्या कोपऱ्यात गुलाबी उमटलंच.
ती चादर त्यानं पगारातून कापून घेतली
आणि थंडीत तीच पांघरायचा.
कुणी विचारलं तर कोपरा दाखवायचा.

साडेतीनला बालमणीची पिंपं भरली. माझी पाळी.
धुण्याचा सोडा, कढत पाणी, झाकण, रबराची रिंग.
तांब्याच्या कॉइलला चिंच.
बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पातेल्याला,
त्याला लिंबूसत्व, आणि धीर.
नळीत चिंधी काही जाईना.
बालमणी, जिनं अकरा वर्षं फणीत दोरे ओवले,
तिनं नळी हातातून घेतली,
एका टोकाला दोरा धरला, दुसऱ्या टोकाला तोंड लावून
श्वास ओढला. दोरा आला.
दोऱ्यामागून चिंधी, चिंधीवर तपकिरी रेघ.
"झाली. आता माझं तोंड लागलं,
परत उकळा."

खळबळायला पाच पाणी एका नळीला.
आणि इथं एका पाण्याला पाच दिवस.
हा हिशोब मी मोठ्यानं करत नाही.
सोड्याचं पाणी संडासाच्या बादलीत,
शेवटचं, स्वच्छ, कढीपत्त्याला;
मधल्यांनी पायरी धुतली,
तरी तांब्याभर वाहून गेलंच
गज्जमच्या दारापर्यंत.
"काय करालाव हो एवढ्या पहाटे?" गज्जम म्हणाला.
"लोणच्याची भांडी."
"लई लोणचं खाताव की तुम्ही."

ओरखड्यांची बादली मी भंगारात काढली होती.
बालमणीनं उचलली, नळाखाली लावली.
"अगं, तिच्यात जंतू राहतात."
"राहू देत. वापरायचं पाणी आहे,
चौथ्या दिवशी संपतंय.
नासायला वेळ कुठाय त्याला?"

पाच वाजता नळ पुन्हा खाकरला आणि गेला.
दोरीवर नळी, कॉइल, झाकण,
मधे बालमणीचा परकर.
नवी बादली अजून दुकानातच आहे, चारशे ऐंशीला.
पातेल्यातून चिंधी फिरवली, दिव्याखाली धरली.
काहीच नव्हतं बहुतेक.
बोटं सोड्यानं चिरली होती,
म्हणून चिंधीच्या कडेला थोडं गुलाबी दिसलं,
ते माझं.