कोपर

नळ सोडला की आधी वाफच भुसभुसते,
मग पाणी. चहाची पावडर टाकावी असं.
बटण साठवरून पन्नासवर, चाळीसवर,
शेवटी पार तळाला आणलं.
गिझरला त्याचं काहीच नाही.

आण्णांच्या पावलावर फोड आला तेव्हा उमगलं.
त्यांना कळलंच नव्हतं. शुगरचे पाय.
"कोमट होतं की गं," म्हणाले,
आणि पायाकडे बघत राहिले
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं.

वडगावाहून रुद्राप्पा आला, शनिवारी, ऊन कलल्यावर.
मेन बंद केलं तरी टेस्टर लावून बघितलं.
"अनगोळात बोअरचं पाणी काय ओ अक्का?"
कॉइलवर खडूच्या चुऱ्यासारखा थर,
तो 'तरुण भारत'च्या पानावर खरवडत म्हणाला,
"हे राहू दे. खरं दुखणं हे बघा."

तांब्याची बारीक नळी, टोकाला बोंड,
खोबणीतनं निसटून वाऱ्यावर लोंबत होतं.
"ह्याला पाणी लागतच नाही. आत उकळतंय,
आणि हे आपलं म्हणतंय, बिसी आगिल्ला, बिसी आगिल्ला.
अजून तापलं नाही, अजून तापव."
कटआउटही चिकटलेला. नवा बसवला.
साडेचारशे झाले, चहा नको म्हणाला.

आता पन्नासच्या आकड्यावर
माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे.
तरी रोज बादलीत आधी मीच कोपर बुडवते.
आण्णा पंचा सावरत दारात उभे.
"बिसी आगिल्ला?"
"झालंय," मी म्हणते. "या."